एकदा रागवून दाखवा, मॅम

मानेवर चामखीळ आली होती आणि ती मंगळसूत्रात अडकायची, एवढंच कारण. रामदासपेठेतल्या एका त्वचेच्या दवाखान्यात नंबर लावला. डॉक्टर आत होते. बाहेर टॅबलेट हातात घेतलेली एक गोड मुलगी होती, आणि माझं वाटोळं तिनं केलं.

"मॅम, माइंड नका करू हं, पण तुम्ही खूप स्ट्रेसमधे आहात का?"

"नाही."

"मग रागावल्या आहात?"

"नाही."

"पण दिसता ना, मॅम."

असं म्हणून तिनं भिंगाचा आरसा माझ्यापुढे धरला. त्या आरशात कुणाचंही तोंड बघितलं तरी चामखीळ विसरायला होईल. माझ्या भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या आहेत हे मला ठाऊक आहे. रोज सकाळी टिकली त्यांच्या मधोमध लावते, तेव्हा भेट होतेच. पण त्या एवढ्या खोल असतील असं वाटलं नव्हतं.

आता नागपुरात जन्म काढलेल्या बाईच्या कपाळावर आठी नसेल तर काय असेल? आमच्याकडे मे महिन्यात पारा सेहेचाळीसच्या वर जातो, भरदुपारी काही चौकातले सिग्नलसुद्धा बंद ठेवतात, आणि स्कूटीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून जी काय फट उरते ती नेमकी या दोन भुवयांच्या जागेची. तेवढ्याच फटीतून आम्ही मुली कॉलेजला गेलो, नोकरीला गेलो, पोरांना शाळेत सोडलं. वर्षानुवर्षं उन्हात डोळे बारीक केले की कपाळ ते लक्षात ठेवतं. शिवाय आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. झाला म्हणजे खणला, मग सोडला, मग एवढा उंच केला की आता पावसाचं पाणी नालीत न जाता आमच्या पोर्चमधे येतं. त्याचा अर्ज घेऊन मी झोन ऑफिसात या खिडकीवरून त्या खिडकीवर गेले, यातली निदान एक आठी तरी तिथली आहे. तिच्यावर इलाज करायचा असेल तर सुई मला का टोचायची, हे मला अजून समजलेलं नाही.

"मॅम, फक्त एक फोटो घेते. बिफोरचा. एकदा रागवून दाखवा."

भर वेटिंग रूममधे. समोर माणसं बसलेली. हुकमावर रागावता येत नाही हो. मी भुवया वर केल्या, ती म्हणाली हे सरप्राइज झालं. डोळे मिटले, ती म्हणाली हे पेन झालं. तेवढ्यात एक जण आला आणि रिसेप्शनवर "सरांना सांगा, मी आलोय" म्हणून माझ्या नंबरावर सरळ आत गेला.

"परफेक्ट, मॅम!" आणि खटकन फोटो निघाला.

मग तिनं माझ्या फोटोवर बोटानं पाच ठिपके दिले. दर ठिपक्याला ४ युनिट, म्हणजे २० युनिट बोटॉक्स, आठ्या घालवायची सुई. साडेतीनशे रुपये युनिट. हिशेब मी मनात केला, तोंडानं काही बोलले नाही. बोलायची गरजही पडली नाही, कारण शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"काहून वं बाई, तुहाही डोया उडते का?"

बघते तर सत्तरी ओलांडलेल्या एक काकू. काठाचं पातळ, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डब्याचं झाकण डोकावतंय. मूळच्या काटोलच्या, आता मानेवाड्याला मुलाकडे. नातीचं लग्न ठरलं होतं म्हणून तिच्यासोबत आल्या होत्या. नात आत होती आणि काकूंना कंटाळा आला होता.

"नाही हो काकू, डोळा ठीक आहे माझा."

"मंग काहून टोचून घेऊन राहिली?"

"मी नाही घेत. या म्हणताहेत."

"हेच ते औषध नं? बोटास? हे तं माह्या डोयात मारते!" काकूंनी खुर्ची सरकवली. "माहा हा डोया पाय. असा मिटे, असा मिटे, का गालासकट वर ओढल्या जाय. भजनात बसली का समोर पेटीवाला. बुढा माणूस, पंच्याहत्तरीचा. त्याले वाटे म्या डोया मारून राहिली!"

"मग?"

"मंग काय! पयले तो लाजे. मंग तो नवा सदरा घालून याले लागला. मंग त्याच्या बायकोनं त्याचं येनंच बंद केलं. मंडयाची पेटी बंद पडली नं वं बाई, माह्या एका डोयापायी!"

वेटिंग रूममधे आता कुणीही मोबाइल बघत नव्हतं.

"मंग पोरानं डोयाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यायनं बारीकशी सुई मारली इथं, इथं आन् इथं. आठ दिवसांत डोया गप. पन तीन-चार महिनेच गप हं. मंग पुन्हा सुरू, मंग पुन्हा सुई. आता हे पाय." त्यांनी तोंड डावीकडे वळवलं. "आता तिकून पाय."

खरंच, एकीकडचा डोळ्याचा कोपरा सुरकुत्यांनी गच्च आणि दुसरीकडचा चांगला दहा वर्षांनी लहान. आजार एकाच बाजूला, म्हणून सुई एकाच बाजूला.

"लगनात फोटोवाल्याले सांगून ठेवलं, म्हटलं बापा, इकूनच काढजो. आन् मी गेल्यावर पेपरात कोनता फोटो द्याचा तेही पोराले दाखवून ठेवला. इकूनचाच."

टॅबलेटवाली मुलगी संधी साधायला पुढे झाली. "आजी, मग दुसऱ्या साइडचं पण आपण करू शकतो."

चूक केली तिनं. काकूंनी पिशवी बाजूला ठेवली.

"तुह्या त्या बाटलीत किती युनिट रायते?"

"हंड्रेड, आजी."

"आन् इले किती मारशीन?"

"ट्वेंटी."

"मंग बाकीचे ऐंशी कुठी जाते?"

मुलगी थांबली. हा प्रश्न तिच्या ट्रेनिंगमधे नसावा. "ते... दुसऱ्या पेशंटला."

"म्हंजे बाटली एक, आन् पैशे पाच जनीचे! मंग आमीच पुरी बाटली घेतो नं. आमच्या भिशीतल्या पाच बाया आनतो. पाच विशी शंभर. बोल, काय भाव लावते?"

"आजी, ते मिक्स केलं की चोवीस तासांत संपवावं लागतं..."

"मंग एकाच दिवशी येतो! एकादशी सोडून सांग. मेटाडोर करून येतो."

मुलगी म्हणाली, सरांना विचारते. ती विचारायला उठणार तेवढ्यात काकूंनी आपला अंगठा माझ्या कपाळावर ठेवला आणि आठी दाबून बघितली. परवानगी वगैरे काही नाही. मग मान हलवली.

"हे जुनं आहे वं. बसलेलं. सुईनं पुरं नाही जात हे."

"बरोबर, आजी!" मुलीला हुरूप आला. "मॅमच्या लाइन्स स्टॅटिक आहेत. म्हणजे रागावलं नाही तरी दिसतात. त्यासाठी वरून फिलर, म्हणजे आठी भरून काढायचं जेल लागेल."

अशा तऱ्हेनं दोघींचं माझ्यावर एकमत झालं. कोपऱ्यात हेल्मेट मांडीवर घेऊन केसांसाठी बसलेला एक तरुणही बोलला, की खरं सांगू का मॅडम, तुमच्या बाजूची खुर्ची रिकामी होती, पण तुम्ही चिडलेल्या वाटल्या म्हणून मी इथं कोपऱ्यात बसलो. त्याला कुणी विचारलं होतं?

"आन् टोचल्यावर चार घंटे आडवं नाही व्हाचं हं," काकू मला समजावत होत्या, "चोळाचंही नाही. दुपारची झोप जाते. माह्यानं तं तेच नाही सोसत." एवढ्यात नात बाहेर आली, काकू माझा फोन नंबर घेऊन उठल्या, आणि जाता जाता दोन वेळा मागे वळून माझ्या कपाळाकडे बघून गेल्या.

डॉक्टरांनी मला दोन मिनिटं दिली. चामखीळ पुढच्या वेळी काढू म्हणाले. फी मात्र या वेळची घेतली.

रात्री झोप येईना, म्हणून फोनवर वाचत बसले. कपाळात घालणार ते आहे तरी काय? तर विष. माणसाला ठाऊक असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. १८९५ साली बेल्जियममधल्या एलेझेल नावाच्या गावात अंत्यविधीला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेलं मांस खाल्लं, त्यातले तिघे दगावले, आणि त्या मांसातून व्हान एरमेंगेम नावाच्या शास्त्रज्ञानं जंतू शोधून काढला. मयताला वाजवायला गेलेली माणसं बिचारी. त्या जंतूचं विष नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप अडवतं. नस सांगते "आवळ", स्नायूपर्यंत पोचतच नाही. (आमच्या झोन ऑफिसात हे कुठलंही इंजेक्शन न घेता चालू आहे.) त्याचा कणभर अंश वापरून अ‍ॅलन स्कॉट या सॅन फ्रान्सिस्कोच्या डोळ्यांच्या डॉक्टरानं तिरळेपणा सरळ केला. १९८९ साली अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली ती तिरळ्या आणि फडफडणाऱ्या डोळ्यांसाठी, म्हणजे आपल्या काकूंच्याच कामासाठी.

आणि सौंदर्याचं काय? तर १९८७ च्या सुमाराला कॅनडात व्हँकूव्हरला जीन कॅरदर्स या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई एका पेशंटच्या पापण्यांवर हीच सुई टोचत होत्या. पेशंट बाई रुसल्या. या वेळी भुवयांमधे का नाही टोचलं म्हणे! तिथे टोचलं की चेहरा कसा शांत दिसतो. जीनबाईंचे यजमान त्वचेचे डॉक्टर. दोघांनी लगेच स्वतःच्या रिसेप्शनिस्टच्या कपाळावर करून बघितलं. म्हणजे या अख्ख्या धंद्याच्या मुळाशी वेटिंग रूममधली एक डोळा उडणारी काकूच आहे. भुवयांमधल्या आठ्यांसाठी रीतसर मंजुरी मिळाली २००२ साली, आणि तेव्हापासून माझ्यासारख्या बायकांना विचारताहेत, मॅम, तुम्ही रागावल्या आहात का?

फिलरचंही वाचलं. भुवयांमधे फिलर भरताना चुकून रक्तवाहिनीत गेलं तर डोळ्यावर बेतू शकतं. हे त्या गोड मुलीनं सांगितलं नव्हतं. तिच्या टॅबलेटमधे फक्त गुळगुळीत बायका होत्या.

ज्यांना हवं त्यांनी जरूर घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. माझी एक मैत्रीण अर्धशिशीसाठी घेते आणि डॉक्टरला दुवा देते. पण आमच्या घरात कपाळावर तीन आडव्या रेषा असलेला एक पुरुष राहतो. बँकेतून निवृत्त झाला तेव्हा निरोपसमारंभात त्याला "अनुभवी चेहरा" म्हणाले. तो त्याच दवाखान्यात नागीण दाखवायला गेला होता. त्याला कुणी आरसा दाखवला नाही. त्याला कुणी विचारलं नाही, सर, तुम्ही रागावल्या-बिगावल्यासारखे दिसता. त्याला मलम दिलं आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप आलं. "मॅम, युवर ट्रान्सफॉर्मेशन!" शेजारी शेजारी दोन फोटो. डावीकडे मी, रांग मोडणाऱ्या माणसाकडे बघताना. उजवीकडेही मीच, पण कुठल्याशा अ‍ॅपनं कपाळ पुसून टाकलेलं. त्या उजवीकडच्या बाईला कुणी रांगेत मागे ढकललं असतं तरी तिनं थँक्यू म्हटलं असतं.

नवऱ्यानं चष्मा लावून बघितलं. "छान आहे गं. शांत वाटतेस."

"मी शांतच असते."

"हो हो," तो घाईघाईनं म्हणाला आणि ओला टॉवेल पलंगावरून उचलून बाहेर वाळत घालून आला. मी टॉवेलबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नुसतं बघितलं होतं. आता सांगा, हे काम वीस युनिटांनंतर कशानं करायचं? प्रत्येक टॉवेलसाठी तोंड उघडावं लागेल. मग म्हणाल बाई कटकट करते.

काल काकूंचा फोन आला. नातीचं लग्न थाटात झालं, फोटो इकूनचेच निघाले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरी, डॉक्टर मानला. बाटलीवर सूट देते. भिशीतल्या चार जनी तयार आहेत, एकीनं ऐन वक्ताले नाही म्हटलं. तू आली का बाटली पुरी."

मी चांगली कडक आठी घातली. फोनवर ती दिसत नाही.

"अवं, ऐकून राहिली नं? शुक्रवारी. येताना चिवडा आनजो."