दादा, मुहूर्त थांबत नाही!

लग्न घरचं, माणसं जेमतेम पन्नास, तरी भावंडांनी एका गाडीतून पुण्याहून कोल्हापूर गाठायचं म्हणजे डोक्याला ताप! मुहूर्त साडेअकराचा, म्हणजे पाचला गाडी हलायला हवी. इथे पाचला धाकटीचा गिझर सुरू होतो.

सात सीटच्या गाडीत सातही जण बसले की डिकीत दोन-तीन लहान बॅगा मावतात, बस्स. मागची सीट पाडली की माणसं बाहेर. हे गणित आदल्या रात्री नको का करायला? पण नाही, प्रत्येकाची चाकांची मोठी सुटकेस. रुखवताचा खोका सगळ्यात शेवटी उगवतो, मग मांडीवर.

वाटेत टोलनाके चार: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. फास्टॅग रिकामा असल्याचं पहिल्याच नाक्यावर कळतं, कारण ताईने धरलेलं दादा भरेल आणि दादाने धरलेलं ताई. आणि उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते हो, खंबाटकीत वळणं सुरू झाल्यावर नाही!

मुंडावळ्या? त्या कायम सगळ्यात खालच्या बॅगेत.