स्वतःला दहापैकी नऊ गुण कसे द्यावेत

आपल्या मेंदूविकार संशोधन केंद्रात तज्ज्ञ सल्लागार समिती येते आहे आणि त्याआधी स्वमूल्यमापनाचा अहवाल भरून द्यायचाय? घाबरू नका. असा एक ताजा अहवाल नुकताच पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचावा लागला. त्यातून हाती लागलेल्या या युक्त्या.

आधी समिती. सातांपैकी चार जण तुमच्याच निबंधांचे सहलेखक असावेत. उरलेल्या तिघांची परतीची विमानं दुपारची काढा. प्रयोगशाळा पाहण्याची वेळ मग जेवणानंतर येते आणि टळते.

मागच्या समितीच्या शिफारशींपुढे 'नोंद घेतली' असं लिहा. 'कार्यवाही सुरू आहे' हे त्याहून भारदस्त.

प्रकाशनांच्या रकान्यात इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे नियतकालिकातल्या लेखाला सरासरी किती उल्लेख मिळतात त्या आकड्याची, बेरीज करा. हा आकडा नियतकालिकाचा, माणसाचा नव्हे. त्यावरून शास्त्रज्ञ जोखू नका, असं संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या 2012 च्या 'डोरा' जाहीरनाम्यात सांगून ठेवलंय. जाहीरनाम्यावर सहीही करा, बेरीजही करा.

पार्किन्सनच्या रुग्णांत सुधारणा हवी? आजाराची तीव्रता गुणांत मोजणारी यूपीडीआरएस तपासणी पहिल्यांदा रात्रभर लेवोडोपा हे नेहमीचं औषध बंद ठेवून 'ऑफ'मध्ये, म्हणजे औषधाचा असर उतरल्यावर करा, दुसरी गोळी घेतल्यावर तासाभराने. हालचालींचे गुण धाडकन उतरतात, आणि या मापात गुण कमी म्हणजे तब्येत बरी. कोणती तपासणी कोणत्या अवस्थेत झाली, हे तळटीपेतसुद्धा नको.

शाळेची पायरी न चढलेल्या आजींना स्मृती आणि आकलन तपासणाऱ्या मोका चाचणीत घनाचं चित्र काढता आलं नाही, तर ते स्मृतिभ्रंशात मोजा. पेन्सिल आयुष्यात पहिल्यांदा धरली, हा त्यांचा प्रश्न.

आता बायोबँक, म्हणजे रुग्णांचे नमुने गोठवून साठवण्याची सोय. नमुन्यांचा आकडा चार अंकी दिसला पाहिजे. सोपं आहे. एका रुग्णाच्या पाठीतून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं 12 मिली पाणी काढायचं, अर्ध्या अर्ध्या मिलीच्या 24 नळ्या भरायच्या आणि प्रत्येक नळीला 'नमुना' म्हणायचं. पन्नास रुग्णांत 1,200 झाले! नळ्या पॉलिप्रोपिलीनच्याच लागतात, पण स्टोअरमध्ये पॉलिस्टायरीनच्या पडून असतील तर त्या संपवा. अमायलॉइड बीटा-42 हे प्रथिन त्यांच्या भिंतीला जास्त चिकटतं, पाण्यातलं प्रमाण कमी भरतं, आणि कमी भरलं की अहवालात अल्झायमर दिसतो. माणसाला नसलेला आजार नळीला झाला, तरी आलेख झकास येतो. नावं साध्या मार्करनं लिहा. स्पिरिटचा हात लागला की पुसली जातात, मग कुणाचं पाणी कुणाचं, हा वादच मिटतो. साधं स्टिकर लावलंत तर ते गारठ्यात आपोआप गळून फ्रीजरच्या तळाशी जमा होतं.

आणि तो फ्रीजर. दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, फाटलंय, कडेला बोटभर बर्फ साचलाय, दार खांद्यानं रेटून लावावं लागतं. अलार्म वाजत राहतो म्हणून बंद केलाय. नोंदवहीत मात्र रविवार, दिवाळी, गणपती सगळ्या दिवशी '-80', ओळीनं, एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेलं. चालत्या फ्रीजरचा आकडा दोन-चार अंशांनी हलतो हो! महिनाभर न हलणारा आकडा फक्त खोटं लिहिणाऱ्याच्या हातून येतो. वीज गेली, नळ्या वितळल्या, पुन्हा गोठल्या, कितीदा ते कुणालाच ठाऊक नाही. आणि अहवालात काय? 'साठवण व्यवस्था : 10 पैकी 9.'

तो एक गुण कशाचा कापलात? विनयाचा?

ते पाणी नळाचं नाही. सत्तरीची बाई कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडते, कमरेच्या मणक्यांमध्ये सुई जाते, पुढे दोन दिवस उठून बसलं की डोकं फुटायला होतं. 'आजी, पुढच्या पेशंटांच्या कामी येईल' असं सांगून तुम्ही तिचा अंगठा घेतला होता. काढल्यावर सेंट्रिफ्यूज यंत्रात 2000 जी बलानं दहा मिनिटं फिरवून दोन तासांत ते -80 ला जायला हवं होतं. ते टेबलावर पडून राहिलं, कारण रिसर्च फेलो आणि टेक्निशियन दोघंही समितीसाठीच्या स्लाइड्सचे रंग जुळवत बसले होते. लाज वाटायला पाहिजे.

नव्या गॅस्केटची मागणी आजच टाका. अलार्म चालू करा, त्याला रात्री फोन उचलणाऱ्या दोन माणसांचे नंबर जोडा. वितळलेल्या नळ्या यादीतून काढा, मग आकडा तीन अंकी झाला तरी चालेल. समितीला सभागृहात नेण्याआधी त्या फ्रीजरपाशी न्या, दार उघडून दाखवा. आणि तो 9 खोडा.