झाडपाला आणि बीपी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

बीपी उतरवणाऱ्या सर्पगंधेच्या मुळीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की झाडपाल्यानं कुणाचं वाईट होत नसतं, आणि नागपुरात सदरला 28 वर्षं मेडिकल चालवलेल्या माणसाला गोळ्यांचाच पुळका येणार. दुकान होतं, खरंय. पण सर्पगंधेला मी नावं ठेवली असं वाटलं असेल, तर माझं लिहिणं चुकलं. त्या मुळीचा मला अभिमान आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लिहिलं, तेव्हा परदेशातल्या डॉक्टरांनी तिची दखल घेतली. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते मज्जातंतूंच्या टोकांतला, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा रिकामा करतं, त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतो. जी मुळी एवढं करते, ती निरुपद्रवी कशी असेल?

तुमच्या आई बीपीच्या गोळीसोबत सर्पगंधेचं चूर्ण आणि रोज ज्येष्ठमधाचा काढा घेतात, हे वाचून मी थांबलोच.

नागपूरच्याच महाल भागातली माझी मावशी घशासाठी असाच काढा घ्यायची, हिवाळ्यात सुरू केला तो उन्हाळ्यापर्यंत. दोन गोळ्या चालू असूनही वरचा बीपी 170 च्या खाली येईना, पायांत गोळे येत. डॉक्टरांनी काढ्याचं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. काढा म्हणजे काय औषध आहे का, असंच घरात सगळ्यांना वाटायचं. रक्तात पोटॅशियम कमी निघालं तेव्हा उलगडा झाला. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं. कॉर्टिसॉल या संप्रेरकाला तिथं निष्प्रभ करणं हे त्या एन्झाइमचं काम. ते बंद पडलं, की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं वागू लागतं : मीठ-पाणी अंगात साचून बीपी चढतो, पोटॅशियम लघवीवाटे जातं. काढा बंद केल्यावर काही आठवड्यांत मावशीचा बीपी आटोक्यात आला. खोकल्याला चार दिवस कांडी चघळायला हरकत नाही, मीही चघळतो. महिनोन्‌महिने काढा पिणं वेगळं.

आणि तुमच्या आईंच्या बाबतीत तर एक वस्तू बीपी चढवते, दुसरी उतरवते. मशीनवर दिसणारा आकडा नेमका कशाचा, हे डॉक्टरांना कसं कळणार? त्यात इतवारीच्या बाजारातून आणलेल्या पुडीत रेसर्पिन किती, हे दर पुडीला बदलू शकतं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर कमी झालेलं पोटॅशियम आणखी घातक. तीही झाडाच्या पानातूनच येणारी गोळी, पण तिचा डोस पाव मिलिग्रॅमच्या आसपास मोजून देतात.

एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : “आई आता शांत झाली आहे, पूर्वीसारखी कुणाशी बोलायलाही जात नाही.” रेसर्पिननं मन उदास होतं, अशा नोंदी 1950 च्या दशकापासून आहेत. तुमच्या आईंचं तेच झालंय असं मी म्हणत नाही. पण चूर्णाची पुडी, काढ्याचं पाकीट आणि गोळ्यांची पट्टी, तिन्ही घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. सोडियम-पोटॅशियमची तपासणी करून घ्या, बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. आणि कुणाशी न बोलता असं शांत होणं कधीपासून सुरू झालं, तेही डॉक्टरांना नक्की सांगा.