कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही, तो मेसेज थांबवा

मे महिन्याच्या सुट्टीत लेहला निघालेल्यांसाठी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगत राहा, ऑक्सिजन लगेच वाढतो, गोळ्या-बिळ्या नकोत आणि आरामही नको. हे खरं नाहीये. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच. ऑक्सिमीटरवर आकडा जरा वर गेलाच तर तो हुंगताना खोल श्वास घेतला म्हणून, कापूर नसता तरी गेला असता.

लेह साधारण ३,५०० मीटरवर, हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच पण हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणून प्रत्येक श्वासात कमी मिळतो, आणि आपण समुद्रसपाटीवरून विमानाने थेट तिथे उतरतो, शरीराला सवय व्हायला वेळच कुठे मिळतो. म्हणून डोकेदुखी, मळमळ, धाप असा उंचीचा त्रास होतो, आणि जिमवाले पण यातून सुटत नाहीत बरं का.

पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम, दारू नको, ‘खारदुंग ला’ ही आणखी उंचावरची खिंड नंतर. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का आणि किती हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते सांगाच. डोकं दुखतंय, मळमळतंय तर आणखी वर जाऊ नका. पण बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर थेट हॉस्पिटल, ऑक्सिजन, आणि जमेल तितक्या लवकर खाली आणायचं.

कापूर बॅगेत ठेवायचा तर ठेवा, माझी काही हरकत नाही, पण तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, आणि ज्यांना आधीच पाठवलाय त्यांना हा पाठवा.