मोर्टेल यांची दुसरी बाजूही यायला हवी

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचे कॅन्सरतज्ज्ञ डॉ. चार्ल्स मोर्टेल यांच्यावरच्या तुमच्या लेखात त्यांचा १९९० चा अभ्यास छान मांडलाय. मोठ्या आतड्याचा कॅन्सर जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत गेलेल्यांना ऑपरेशननंतर फ्लुरोयुरासिल हे केमोथेरपीचं औषध आणि लेव्हामिसोल दिल्यावर मृत्यूचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाने घटलं, ही केवढी मोठी गोष्ट! पण लेव्हामिसोल मुळात मेंढ्यांचं जंताचं औषध. कॅन्सरसाठी तेच कितीतरी पट महाग विकलं गेलं, तेव्हा मोर्टेल यांनी कंपनीला जाहीरपणे धारेवर धरलं. हे लेखात नाही. आणि जर्दाळूच्या बियांपासूनचं, कॅन्सरवरचा उपाय म्हणून खपवलं गेलेलं लेट्राइल? १९८२ मध्ये १७८ रुग्णांवर तपासून त्यांनी ते निरुपयोगी ठरवलं. काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं होतं. आमच्या फॅमिली ग्रुपवर त्याच बियांचे मेसेज अजून फिरतात. कृपया यावर स्वतंत्र लेख लिहा.