शाळा काढताय? मग आधी पगाराचं बोलू

तालुक्याच्या गावात संस्थांचे आणि ट्रस्टचे हिशेब लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे दर उन्हाळ्यात एखाद-दुसरा तरी 'इंग्लिश स्कूल काढायचंय' म्हणत समोर येऊन बसतोच. कुणाची रोडटच दीड एकर असते, कुणी पुण्यातली नोकरी सोडून आलेला असतो, कुणाला पुढची नगरपालिका दिसत असते. शाळेचं नाव ठरलेलं असतं, त्याला 'इंटरनॅशनल' जोडायचं हेही ठरलेलं असतं. युनिफॉर्मचा रंगसुद्धा. शिक्षकांना किती देणार, असं विचारलं की उत्तर येतं, "ते बघू की. आपल्याकडं डीएड-बीएड झालेली पोरं ढिगानं पडलीत."

ही ढिगानं पडलेली पोरं हेच छोट्या गावातल्या खासगी शाळेचं खरं भांडवल आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय. बँकेचं कर्ज, संस्थाचालकाची जमीन हे सगळं त्याच्यानंतर.

सुरुवातीचा खर्च सगळ्यांना दिसतो. संस्था नोंदवा, जागा एनए म्हणजे बिगरशेती करा, 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली प्रस्ताव टाका, ठेव ठेवा, खोल्या बांधा. शाळेच्या फीवर जीएसटी नाही म्हणून लोक खूश असतात, पण त्यामुळेच सिमेंट, बाक, संगणकांवर भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही, तो खर्चातच जातो. आणि ट्रस्टच्या नावावर कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती येईपर्यंत कोण थांबतो? मग संस्थापक स्वतःच्या नावावर पतसंस्थेतून पैसे उचलतो, बायकोचे दागिने गहाण पडतात, आणि ताळेबंदात 'विश्वस्तांकडून हातउसने' असं एक खातं उघडतं. हे खातं दरवर्षी फुगत जातं. कुठल्याही शाळेची तब्येत बघायची असेल तर मी आधी तेवढीच ओळ बघतो.

पण शाळा बुडते ती बांधकामामुळे नव्हे. पगार बारा महिने द्यायचा असतो आणि फी येते हंगामात. आमचा लातूर-धाराशिवचा पट्टा सोयाबीनचा. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पालकाच्या हातात असलेला पैसा बी-खतात गेलेला असतो. "दिवाळीला एकदम भरतो सर," हे तो खोटं बोलत नसतो. दिवाळीच्या मागेपुढे तो आडतीवरून थेट ऑफिसात येतो, खिशातून माल विकल्याची पट्टी काढून दाखवतो. त्यात हमाली, तोलाई आणि आधीची उचल वजा होऊन उरलेला आकडा असतो. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात माल चार-सव्वाचार हजारांनी जात होता. त्या आकड्यासमोर कुठला क्लार्क पूर्ण फी मागेल? अर्धी घेतो, पावती फाडतो. उरलेली राहिली ती राहिलीच, कारण आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने दाखला अडवता येत नाही. आणि तो अडवू नये हे मला पटतंच. पोराचा काय दोष?

आता एक कच्चा हिशेब मांडतो. नर्सरी-केजी बाजूला ठेवा. पहिली ते सातवी, वर्गात 25 मुलं, म्हणजे 175. त्यातली 25 टक्के, 44 मुलं, आरटीईची, म्हणजे राखीव जागांवर फी न भरता शिकणारी. उरली 131. फी वर्षाला 15 हजार धरली तर साडेएकोणीस लाखांच्या वर होतात, दहा टक्के बुडीत धरा, हातात साडेसतराच्या वर. खर्च बघा. नऊ शिक्षक दरमहा दहा हजारांवर म्हणजे 10 लाख 80 हजार. मुख्याध्यापक, दोन मावशी आणि शिपाई मिळून सव्वाचार लाख. भाडं किंवा हप्ता तीन लाख, वीज-दुरुस्ती-छपाई सव्वा लाख. बेरीज सव्वाएकोणीसच्या पुढे. दीड लाखाच्या वरचा खड्डा, तोही व्हॅनचं डिझेल न धरता.

आरटीईच्या 44 मुलांचे पैसे सरकारने द्यायचे असतात. दर वर्षाला मुलामागे 17,670 किंवा शाळेची फी, जे कमी असेल ते. इथे 15 हजार, म्हणजे 6 लाख 60 हजार. ते वेळेवर आले तर शाळा आरामात तरते. येतात मात्र तुकड्या-तुकड्यांनी, वर्षं उलटल्यावर. कोविडच्या वर्षात तर दर 8 हजारांवर आणला होता. 2024 मध्ये सरकारने यावर तोडगा म्हणून जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईतूनच सूट दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि बरं केलं. पैसे द्यायचे नाहीत म्हणून गरिबाचं पोरच वर्गातून काढायचं, हा कुठला न्याय?

हाच आकडा दुसऱ्या बाजूने बघा. शिक्षणसेवकाचं, म्हणजे सरकारी भरतीतल्या नव्या शिक्षकाचं, मानधन 2023 मध्ये सहा हजारांवरून 16 हजार केलं, तेवढंच आपल्या नऊ शिक्षकांना द्यायचं म्हटलं तर जादा लागतात 6 लाख 48 हजार. सरकारकडे अडकलेले पैसे आणि शिक्षकाच्या पगारातून कापलेले पैसे जवळपास सारखेच निघतात! म्हणजे सरकारची थकबाकी कोण भरतंय? दहा हजारांवर राबणारी ती बाई, जिला मे महिन्याचा पगारसुद्धा बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. पीएफ वीस माणसांपासून लागतो, तो लागू होऊ नये म्हणून हजेरीपत्रकावर 19 च नावं ठेवणाऱ्या संस्थाही मी पाहिल्यात. (विसावी व्यक्ती 'मानद' असते.) मग सरकारच्या पवित्र पोर्टलवर शिक्षकभरती निघते, चांगले दोन शिक्षक ऐन सत्रात निघून जातात, आणि संस्थाचालक म्हणतात, "लोकांना निष्ठाच राहिली नाही."

माझ्याकडे येणाऱ्याला मी आता एवढंच सांगतो की पूर्ण पगाराची दोन वर्षांची रक्कम वेगळ्या ठेवीत टाक, मेच्या पगारासकट, आणि आरटीईचा एक रुपयाही जमेला धरू नकोस. एवढं करून फी गावाला परवडत असेल तर शाळा काढ. बहुतेक जण हे ऐकून दुसऱ्या हिशेबनिसाकडे जातात.