‘वन बीएचकेत विंग चुनच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा येतं. त्याचं सार असं: घर लहान असेल तर दक्षिण चीनमधली विंग चुन ही एकच मार्शल आर्ट शिकण्यासारखी आहे. कराटेला हॉल लागतो. बॅग टांगली नाही तर बॉक्सिंग म्हणजे नुसते हवेत हात. जुदो-कुस्तीला दोन गाद्या पुरतात. लाठी-काठी तर आपलीच, आखूड काठी घेतली की दिवाणखान्यातही जमते. आणि फोमची मॅट अंथरली की खालच्या मजल्याला पत्ता लागत नाही.

एवढं सगळं सांगून खोलीचं माप मात्र कुठेच नाही. म्हणून आधी माप घेऊ.

१० बाय १० ची खोली धरा. पलंग आणि कपाट वजा केलं की मोकळी उरते ती साधारण ६ बाय ७ फुटांची पट्टी. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने दोन्ही हात पसरले की ते साधारण त्याच्या उंचीइतकेच भरतात. समोरची लाथ पूर्ण लांबवली तर टेकलेल्या पायापासून पाऊल साडेतीन-चार फुटांवर पोचतं. वरचा हिशेब बहुतेक जण विसरतात. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट, असावी असा संकेत आहे. पंखा दांडीवर लटकतो, त्यामुळे पाती साधारण ८ फुटांवर येतात. वर उचललेली मूठ पावणेसात फुटांच्या आसपास जाते, म्हणजे रिकाम्या हाताला धोका नाही. त्या मुठीत दोन फुटांची काठी आली की हिशेब फिरतो.

आता एकेक दावा.

“लहान घरासाठी विंग चुनच.” यातला खरा भाग मोठा आहे, तो आधी मान्य करू. विंग चुनचा पहिला फॉर्म (हालचालींचा ठरलेला क्रम), सिउ निम ताओ, पाय एकाच जागी ठेवून करायचा असतो. गुडघे आत वळवून उभं राहायचं आणि काम हातांनी करायचं, त्याला ३ बाय ३ फूट पुरतात. या कलेचे गुरू इप मान १९४९ मध्ये चीनमधल्या फोशानहून हाँगकाँगला आले आणि तिथल्या दाटीवाटीच्या घरांमध्ये ही कला वाढली, हेही खरं. पूर्वी जमिनीत रोवला जाणारा सरावाचा लाकडी डमी तिथे चौकटीवर बसवला गेला. पण या कलेचा जीव आहे ‘ची साओ’त: दोघांनी मनगटं एकमेकांना टेकवायची आणि समोरच्याचा जोर हाताच्या कातडीला कळू द्यायचा. हे एकट्याने होत नाही. घरात जोडीदार नसेल आणि आसपास वर्गही नसेल, तर हाती उरतो फक्त फॉर्म. एक फॉर्म वर्षभर एकट्याने केला की कोपर बाहेर सुटायला लागतं, खांदे कानांकडे चढतात, आणि सांगायला कोणी नसतं. म्हणजे जागेची भूक कमी, पण माणसाची भूक जास्त. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पहिलीच मोजली.

“कराटेला हॉल लागतो.” हे सगळ्यात चुकीचं. शोतोकान या कराटे शैलीच्या वर्गात नवशिक्याला पहिल्यांदा हेइआन शोदान हा काता, म्हणजे कराटेतला फॉर्म, शिकवतात. त्यात तीन-तीन पावलं सलग पुढे जायची असल्याने आराखडा इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा लांबतो आणि १२-१५ फूट लागतात. तेवढं पाहून हॉलची समजूत झाली असावी. पण तेक्की शोदान, म्हणजे जुनी नाइहान्ची, हा काता एका सरळ रेषेत, आडवाच चालतो. घोडेस्वारासारखं पाय रुंद करून बसायचं, एक पाय दुसऱ्यावरून आडवा टाकून बाजूला सरकायचं आणि तसंच परत यायचं. पुढे-मागे जाणं नाहीच. पुढे-मागे साडेतीन फूट, आडवं सात फूट: पलंगासमोर उरलेल्या पट्टीला जणू बेतूनच शिवलेला. ओकिनावाचे कराटे-गुरू चोकी मोतोबू याच कात्यासाठी ओळखले जातात.

गोजू-र्‍यू या कराटेच्या दुसऱ्या शैलीचा सानचिनही असाच, वीतभर-फूटभर सरकणारी मोजकी पावलं. त्यात मात्र सगळं अंग आवळून, घशातून आवाज काढत श्वास सोडतात. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने हा काता व्हिडिओ बघून करू नये. श्वास रोखून जोर लावला की दाब चढतो.

हेइआन शोदानच करायचा असेल तरी अडत नाही. एक पाऊल पुढे टाका, तंत्र पूर्ण करा, मागचा पाय होता तिथेच पुढचा परत घ्या, मग तेच पाऊल पुन्हा. तीन पावलांचा पल्ला एका पावलात बसतो. यात बिघडतं ते परत येणं. परत येताना टाच उचलून शरीर उगाच वर उसळतं आणि कंबर मोकळी सुटते. पाऊल मागे घेतानाही डोक्याची उंची तीच ठेवायची. समोर कपाटाचा आरसा असेल तर वरच्या कडेवर नजर ठेवली की कळतं.

तेक्कीमध्ये पाय जोरात आपटण्याची जागा आहे. खाली झोपलेलं लेकरू असेल तर पाय त्याच वेगाने आणायचा आणि शेवटच्या बोटभर अंतरात अडवून अलगद ठेवायचा. हे आपटण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. मांड्या दुसऱ्या दिवशी साक्ष देतात.

“बॅग नसेल तर बॉक्सिंग म्हणजे हवेत हात.” नवशिक्याला बॅग नसणं हे उलट बरं. ३० किलोची बॅग झुलायला लागली की तिच्याभोवती सात-आठ फूट मोकळे लागतात. ती टांगायची कुठे? पीओपीच्या छताला धरायला काही नसतं. आरसीसी स्लॅबला भोक पाडताना आत लोखंड असतं आणि वायरीची नळीही असू शकते. शिवाय झुलत्या बॅगेचा ओढा हुकावर तिच्या नुसत्या वजनापेक्षा बराच जास्त येतो. खिडकीची ग्रिल यासाठी नाहीच. भिंतीला कॅनव्हासची वाळूची पिशवी लावायची तर ती खांबावर लावावी. खोल्यांमधल्या चार इंची विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत प्लग काही आठवड्यांतच हलायला लागतो.

शॅडो बॉक्सिंगला, म्हणजे हवेतल्या ठोशांच्या सरावाला, ६ बाय ६ फूट भरपूर झाले. जमिनीवर मास्किंग टेपने चौकोन आखा, तीन मिनिटं काम, एक मिनिट विसावा, अशा चार फेऱ्या. पहिल्या फेरीत फक्त पाय: पुढे जाताना आधी पुढचा पाय, मागे येताना आधी मागचा, दोन पायांमधलं अंतर कधी मिटू द्यायचं नाही. दुसरीत फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. तिसरीत जॅब-क्रॉस, क्रॉस म्हणजे मागच्या हाताचा. चौथीत ठोसा मारून हात हनुवटीपाशी परत येतो का, एवढंच पाहायचं.

हवेत मारण्याची एक खरी अडचण आहे, पण ती फॉरवर्डमध्ये नाही. समोर अडवणारं काही नसल्याने कोपर ताडकन पूर्ण उलगडतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी कोपराच्या मागे ठणका लागतो. मूठ पूर्ण लांब व्हायच्या इंचभर आधी थांबवा आणि ती जितक्या वेगाने गेली तितक्याच वेगाने परत आणा. हवेतल्या लाथेत गुडघ्याचंही हेच. तायक्वांदोच्या मुलांनी खुर्चीची पाठ धरून लाथ सावकाश उलगडावी, तीन आकडे धरावी, तशीच दुमडून आणावी. प्रत्येक पायाला दहा वेळा. जागा कमी लागते आणि गुडघाही शाबूत राहतो.

“जुदो-कुस्तीला दोन गाद्या पुरतात.” जुदोचे संस्थापक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये तोक्योच्या एइशोजी मंदिरात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली ती १२ ताताम्यांच्या (गवती चटयांच्या) खोलीत, म्हणजे सुमारे २०० चौरस फुटांत. तेव्हा लहान जागेचा जुदोला मुळातून विटाळ नाही. पण ती खोली रिकामी होती आणि खाली मऊ-घट्ट ताताम्या होत्या. कापसाच्या गादीचं उलटं असतं. उभ्या माणसाचा पाय तिच्यात रुततो, वळताना पाऊल फिरत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. पडणाऱ्याला मात्र ती तळापर्यंत दबून फरशी दाखवते. त्यात दोन गाद्यांमधली फट आणि पलंगाचा कोपरा. घरी फेकाफेकी करू नका, एवढं सरळ सांगणं पुरे.

घरी करायचं ते उचिकोमी, म्हणजे फेकीचा फक्त शिरकाव. सायकलची जुनी ट्यूब छातीच्या उंचीवर, भिंतीत पक्क्या बसलेल्या ग्रिलच्या आडव्या पट्टीला अडकवा. दोन्ही टोकं धरा, ओढा, वळा, ढुंगण खाली घेऊन बसते व्हा, परत या. डावी-उजवी दहा-दहा, पाच फेऱ्या. ट्यूबला चिरा आहेत का ते रोज बघा, तुटली तर ती तोंडावरच येते. नेहमीची चूक म्हणजे हातांनी ओढत राहणं आणि कंबर मागेच ठेवणं. पाय समांतर आणि ट्यूब खांद्यावरून ताणलेली नसेल, तर तो नुसता दंडाचा व्यायाम झाला. कुस्तीवाल्याला तर जागेची तक्रारच नाही: जोर, बैठका, सपाट्या, एवढ्याला एक सतरंजी लागते. लढत तालमीत.

“आखूड काठी घेऊन दिवाणखान्यात लाठी-काठी.” दोन फुटांची काठी उचललेल्या मुठीत साडेआठ फुटांच्या वर जाते. पाती कुठे आहेत ते वर सांगितलंच. खरी लाठी पाच-सहा फुटांची. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला, म्हणून हौस वाढली आहे, ते चांगलंच आहे. पण पट्ट्याची मूठ हाताला कोपराजवळपर्यंत झाकते, मनगट वळत नाही. सगळं फिरवणं खांद्यातून आणि कमरेतून होतं, त्यामुळे वर्तुळ लहान करताच येत नाही. हे मैदानाचं काम. घरात पवित्रे करावेत आणि हातात फार तर वर्तमानपत्राची गुंडाळी घ्यावी. ती दिव्याला लागली तर दिवा वाचतो.

“फोमच्या मॅटने आवाज बंद.” टाचांची टकटक कमी होते, उडीचा धप्प आवाज नाही. तो स्लॅबमधूनच खाली उतरतो. दोरीच्या उड्या आणि बर्पी गच्चीवर किंवा तळमजल्यावर. जाडीचंही तारतम्य हवं. उभ्याने करायच्या कराटे-बॉक्सिंगला २० ते २५ मिमीची घट्ट मॅट ठीक, ४० मिमीची जमिनीवर लोळण्या-पडण्यासाठी. जाड, मऊ मॅटवर पावलाच्या चवड्यावर वळायला गेलात की बोटं धरली जातात आणि वरचं शरीर वळतं, गुडघ्याचं तेच दुखणं पुन्हा. नुसत्या व्हिट्रिफाइड फरशीवर मोजे घालून सराव नको, आणि अनवाणी करताना घाम पुसायला फडकं जवळ हवं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मॅट अंथरून तशीच ठेवली तर खाली दमट धरतं आणि सांध्यांमध्ये काळी बुरशी चढते. सराव झाला की तुकडे सुटे करून भिंतीला उभे टेकवा, फरशी कोरडी पुसून घ्या.